माळावरची सफर आणि सोबतची शिदोरी

परीक्षा संपल्या, भीमजयंतीची मिरवणूक झाली, आणि आता घराघरांत मुलांची एकच भुणभुण चालू असेल : "सुट्टीत आपण कुठं जायचं?" आमच्या घरीही तेच झाले. धाकट्याने टीव्हीवर आफ्रिकेतले सिंह, जिराफ, झेब्य्रांचे कळप पाहिले आणि जेवताना विचारले, "बाबा, आपण सफारीला कधी जायचं?"

आम्ही जालन्याच्या कारखान्यात पाळीवर जाणारी माणसे. पंधरा दिवसांच्या पगारात किराणा आणि खोलीभाडे भागवायचे, उरलेल्या पंधरा दिवसांत शाळा, औषध आणि पाहुणे. आफ्रिकेची सफारी म्हणजे माणशी लाखांची गोष्ट. परंतु मुलाला नुसते 'नाही' म्हणणे बरे वाटले नाही. म्हणून आम्ही त्याला सांगितले, "सफारी हा शब्द आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतला आहे. मूळ अरबी शब्द सफर. आपणही सफरच म्हणतो. सफर म्हणजे प्रवास. या रविवारी आपण सफरीला जाऊ. मामाच्या गावाला."

पोराचे तोंड जरा उतरले. मामाच्या गावाला तर दरवर्षीच जातो! पण परतताना तोच पोरगा बसमध्ये शेजारच्या आजोबांना सगळे रंगवून सांगत होता. ही सफर कशी झाली, सोबत काय नेले आणि आम्ही स्वतः तिथे काय शिकलो, ते वाचकांना सांगावेसे वाटले म्हणून हा लेख.

आफ्रिकेचा माळ, आपला माळ

आफ्रिकेत टांझानिया देशात सेरेंगेटी नावाचे मोठे राष्ट्रीय उद्यान आहे. क्षेत्रफळ सुमारे चौदा हजार सातशे चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या जालना जिल्ह्याच्या जवळजवळ दुप्पट. तिथे घनदाट जंगल कमी आणि गवताळ माळ जास्त. दहा लाखांहून अधिक वाइल्डबीस्ट नावाची जनावरे पावसामागे, गवतामागे या माळावरून त्या माळावर फिरतात. त्यांच्यामागे सिंह, तरस आणि चित्ते.

आता आपला जिल्हा पाहा. भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, मंठा, कुठेही जा. डोंगर थोडे, उघडा माळ फार. पाऊस बेताचा, बाभळी-बोरीची झुडपे आणि कुसळी गवत. अशा माळावर जगणारी जनावरे आपल्याकडेही आहेत. काळवीट आहे, रोही आहे, कोठे कोठे चिंकारा आहे. ससा, कोल्हा, खोकड, रानडुक्कर, मोर आहेत, आणि कधीमधी लांडगाही दिसतो. आफ्रिकेतली गॅझेल आणि आपले काळवीट ही एकाच कुळातली भावंडे. दोघांनाही दाट रान नको, उघडा माळ हवा, कारण शत्रू लांबून दिसला पाहिजे आणि पळायला वाट मोकळी पाहिजे.

आपल्या माळावर एके काळी चित्ताही होता. राजेमहाराजे चित्ते पाळून त्यांच्याकडून काळविटांची शिकार करवीत. भारतातले अखेरचे तीन चित्ते १९४७ साली कोरिया संस्थानच्या राजाने मारल्याची नोंद आहे, आणि १९५२ साली आपल्या देशातून चित्ता संपल्याचे जाहीर झाले. पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये आफ्रिकेतल्या नामिबियातून आठ चित्ते विमानाने आणून मध्य प्रदेशातल्या कुनोच्या जंगलात सोडले गेले. जे आपल्या माळावर होते ते आपण घालवले आणि मग आफ्रिकेतून मागवले. मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी.

पहाटे साडेपाचला

मामाचे गाव भोकरदन तालुक्यात. शनिवारी संध्याकाळच्या बसने आम्ही पोहोचलो. रात्री अंगणात जेवताना मामाने मुलांना बजावले, "पहाटं उठावं लागतंय. ऊन चढलं की जनावर झाडाखाली बसतंय, मंग काय दिसत नाही."

पहाटे साडेपाचला निघालो. पुढे मामा, मागे मुले, शेवटी आम्ही. गावाबाहेर गायरान, त्यापलीकडे पाझर तलाव. उन्हाळ्यामुळे तलावात डबक्याएवढेच पाणी उरलेले. मामाने सर्वांना एका बांधाआड बसवले. वारा तलावाकडून आमच्याकडे येत होता. मामा म्हणाला, "वारं आपल्याकडून तिकडं गेलं तर त्यास्नी आपला वास लागतो. डोळ्याआधी नाकानं कळतंय त्यास्नी."

पंधरा मिनिटे काहीच नाही. टिटवी ओरडत होती. धाकटा चुळबुळ करू लागला. आणि एकदम मोठी मुलगी हलक्या आवाजात म्हणाली, "ते बघा!" समोरच्या पिवळ्या गवतातून माना वर आल्या. एक, दोन, पाच, मग मोजता येईनात. अठरा-वीस हरण्या आणि पिल्ले, आणि मागे जरा वेगळा चालणारा एक नर. पाठीवर काळाभोर, पोट पांढरे, डोळ्याभोवती पांढरी कडी, डोक्यावर पिळाची लांब शिंगे. सूर्य नुकताच वर येत होता. कोणी बोलले नाही. टीव्हीसमोर क्षणभर गप्प न बसणारी आमची पोरे अर्धा तास गप्प बसली!

त्या अर्ध्या तासात मुलांनी जे पाहिले आणि विचारले, ते थोडक्यात असे :

काळवीट म्हणजे नर, तोच काळा. मादी तांबूस पिवळी असते आणि तिला शिंगे नसतात. आपण सगळ्यांनाच हरीण म्हणतो, पण शास्त्राच्या दृष्टीने काळवीट कुरंग आहे. चितळ-सांबराची शिंगे गळून पुन्हा नवी येतात, काळविटाची एकदा आलेली शिंगे जन्मभर राहतात. नर एकाच जागी लेंड्या टाकून आणि डोळ्याजवळच्या ग्रंथीचा स्राव काडीला लावून 'ही हद्द माझी' असे सांगतो. धोका वाटला की पहिली हरणी हवेत उंच उडी मारते, मग दुसरी, तिसरी, आणि सारा कळप उड्या घेत निघतो. जीव घेऊन पळताना काळविटाचा वेग तासाला ऐंशी किलोमीटरपर्यंत जातो.

परतताना रोह्यांची जोडी दिसली. रोही म्हणजेच नीलगाय. नाव गाय, पण ती गाय नव्हे. आशियातले हे सर्वांत मोठे कुरंग. नर निळसर राखाडी, घोड्याएवढा उंच. ओल्या मातीत कुत्र्यासारखे पण मोठे ठसे दिसले. मामा म्हणाला, लांडग्याचे असतील. आम्ही खात्रीने सांगू शकत नाही, पण मुलांच्या दृष्टीने तो लांडगाच होता.

मामाची बाजू

घरी येताना धाकटा मामाला म्हणाला, "मामा, तुमची मजा आहे. रोज हरणं बघायला मिळतात."

मामा हसला नाही. बांधावर टेकला आणि बोलू लागला. "पाऊस पडला की ये आन् बघ मजा. सोयाबीन, मूग उगवून चार पानावर आलं की रात्रीतून साफ. सकाळी वावरात नुसत्या लेंड्या. रब्बीत हरभऱ्याचं तसंच. रोह्याचा कळप बसला तर खाल्लं त्याच्या दुप्पट तुडवलं. दोन महिने मी आन् तुझी मामी आळीपाळीनं माळ्यावर झोपतो. डबा वाजवायचा, बॅटरी मारायची. दिवसा मजुरी, रात्री राखण."

आम्ही विचारले, "वन खात्याकडून भरपाई मिळते ना?"

"मिळते, दाजी. सातबारा असंल त्याला मिळते. आमचं गायरान. बापानं दगडं येचून वावर केलं, पर नाव अजून लागलं नाही. पंचनाम्याला पहिला कागद सातबारा मागतेत."

वाचकांपैकी पुष्कळांच्या घरची ही गोष्ट आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ च्या डिसेंबरात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, लाखो माणसे तुरुंगात गेली. मराठवाड्यात गायरान कसणारी बरीचशी कुटुंबे आपलीच आहेत. १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची गायरानावरील अतिक्रमणे अटींवर नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ साली निघाला. कित्येकांची नावे लागली, कित्येकांचे कागद टेबलावरच राहिले. मामाचा कागद त्या दुसऱ्या ढिगातला.

मुलगा ऐकत होता. त्याने सरळ विचारले, "मग मामा, तुम्ही हरणांना मारत का नाही?"

मामा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आरं, गायरान त्याचंबी व्हतं. आपण वावर केलं, तिकडं कोणी खडी क्रशर टाकलं, तिकडं प्लॉट पडले. ते जाईल कुठं? त्याच्या नावावर तरी कुठं सातबारा हाय?"

घरी येईपर्यंत मुलगा काही बोलला नाही. आम्हीही बोललो नाही.

आफ्रिकेच्या सफारीचे गोड चित्र दाखवणारे एक गोष्ट सांगत नाहीत. सेरेंगेटीच्या माळावर पिढ्यान्‌पिढ्या गुरे चारणारे मसाई लोक १९५९ च्या सुमारास तेथून हलवले गेले. जनावरे राहिली, पाहुण्यांच्या गाड्या आल्या, आणि ज्यांनी त्या माळावर जनावरांसोबत आयुष्य काढले ते बाहेर गेले. आपल्याला असे काळवीट नको, ज्यासाठी गरिबाचे वावर जाईल. आणि असे वावरही नको, ज्यात काळवीट फास लागून मरेल. दोघांची बाजू घ्यायची असेल तर भरपाई कसणाऱ्याच्या हातात पोहोचली पाहिजे आणि उरलेले गायरान क्रशरवाल्याच्या घशात जाता कामा नये. ही मागणी ग्रामसभेत आपणच मांडायला हवी.

तोवर एवढे तरी करावे. ज्यांचा सातबारा आहे त्यांनी पीक खाल्ल्याबरोबर, तीन दिवसांच्या आत, वन खात्याकडे लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि पंचनामा होईपर्यंत वावर मोडू नये. ज्यांची १९९० पूर्वीची वहिवाट आहे त्यांनी गावच्या अतिक्रमण नोंदवहीतला, म्हणजे नमुना १-ई मधला उतारा, दंडाच्या जुन्या पावत्या, जे असेल ते जपून ठेवावे. आणि कोणीही कुंपणात विजेची तार सोडू नये. तिने जनावर मरते तसे रात्री पाणी द्यायला गेलेला आपलाच भाऊ मरतो. काळवीट वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे, आणि अशा गुन्ह्यात पहिला हात गरिबाच्याच गळ्यावर पडतो.

दगडातले हरीण

भोकरदनहून सिल्लोडमार्गे अजिंठा लेणी दूर नाहीत. परतण्याआधी आम्ही तेथे गेलो. (सोमवारी लेणी बंद असतात, म्हणून आम्ही एक दिवस जास्त राहिलो आणि मंगळवारी गेलो. तुम्ही आधीच वार पाहून ठरवा.) १८१९ सालच्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीला या दरीत आला आणि त्याला ही लेणी दिसली. आज त्याच दरीत आपली मुले वाघाऐवजी दगडातली जनावरे पाहतात. पहिल्या लेण्यात एका खांबावर चार हरणे कोरली आहेत, चौघांना मिळून डोके एकच! चारही अंगे त्या एकाच डोक्याला शोभतात. सतराव्या लेण्यात छद्दंत हत्तीची जातककथा रंगवली आहे. सम्राट अशोकाने तर आपल्या पहिल्या शिलालेखात लिहून ठेवले की, पूर्वी माझ्या मुदपाकखान्यासाठी रोज लाखो प्राणी मारले जात, आता फक्त दोन मोर आणि एक हरीण, तेही पुढे मारले जाणार नाहीत. राजाने स्वतःच्या ताटाचा हिशेब दगडावर मांडला, याचे आमच्या मुलीला फार आश्चर्य वाटले.

सोबतची शिदोरी

बाहेर खाल्ले की खिसा रिकामा आणि उन्हात पोटही बिघडते. मामी आणि मुलांची आई यांनी मिळून जी शिदोरी केली ती येथे देत आहोत. प्रमाण पाच-सहा माणसांचे.

ज्वारीची आंबील (निघण्यापूर्वी) : रात्री चार मोठे चमचे ज्वारीचे पीठ एक वाटी ताकात कालवून झाकून ठेवावे. पहाटे चार वाट्या पाणी उकळावे, त्यात हे कालवण हळूहळू सोडत हलवत राहावे, म्हणजे गुठळी होत नाही. आठ-दहा मिनिटे शिजले की मीठ, जिरे व ठेचलेला लसूण घालावा. कोमट झाल्यावर वरून आणखी ताक घालून प्यावी. दहा वाजेपर्यंत भूक लागत नाही आणि ऊन बाधत नाही.

धपाटे : ज्वारीचे पीठ तीन वाट्या, बेसन एक वाटी, गव्हाचे पीठ एक वाटी. सहा-सात हिरव्या मिरच्या, दहा-बारा लसूण पाकळ्या व जिरे वाटून घालावे. हळद, ओवा, तीळ, मीठ, मूठभर कोथिंबीर. कोमट पाण्याने मळून ओल्या फडक्यावर थापावे, मध्ये बोटाने भोके पाडावीत, तव्यावर टाकून फडके अलगद सोडवावे. कडेने थोडे तेल सोडून दोन्ही बाजूंनी खमंग भाजावे. प्रवासात कांदा घालू नये, लवकर आंबते.

गुळाची दशमी : वाटीभर कोमट दुधात पाऊण वाटी चिरलेला गूळ विरघळवावा. दूध कढत असू नये, नाहीतर फाटते. चिमूटभर मीठ, वेलची असल्यास पूड, आणि मावेल तेवढे गव्हाचे पीठ घालून घट्ट मळावे. जाडसर लाटून मंद आचेवर तेल किंवा तूप लावून भाजावी. दूध कमी असेल तर अर्धे पाणी चालते. पूर्ण दुधाची दशमी दोन दिवस मऊ राहते.

कैरीचा तक्कू : किसलेली कैरी एक वाटी, किसलेला कांदा एक वाटी, चवीप्रमाणे गूळ, तिखट, मीठ. वरून तेलात मोहरी, हिंग, हळदीची फोडणी गार करून घालावी. हा त्याच दिवशी संपवावा. धपाट्यांबरोबर दुसरे काही लागत नाही.

पन्ह्याचा गर : दोन मोठ्या कैऱ्या उकडून गर काढावा. गराच्या दीडपट गूळ, थोडे मीठ घालून चांगले घोटावे आणि बरणीत भरून न्यावे. पाणी तेथे मिळेल. पेलाभर गार पाण्यात दोन चमचे गर, की पन्हे तयार. बाटलीबंद रंगीत पेयाला मुलांनी हात लावला नाही.

सोबत चार-सहा मोसंब्या घ्याव्यात. जालन्याची मोसंबी भौगोलिक मानांकन मिळवून बसली आहे, ती आपल्याच मुलांनी खाऊ नये काय? आणि घरी केलेली जलसंजीवनी कोणालाही येऊ द्या : उकळून गार केलेले एक लिटर पाणी, सपाट सहा चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. ऊन लागून गळाल्यासारखे झाले तर थोडे थोडे पाजावे. चक्कर, उलटी किंवा अंग तापणे थांबले नाही तर मात्र दवाखाना गाठावा.

जाताना एवढे पाळा

सूर्य उगवण्यापूर्वी किंवा मावळताना जावे. मळकट, मातकट रंगाचे कपडे घालावेत. कळपापासून दोनशे पावले लांब बसावे, मोटारसायकल मागे लावू नये, कुत्रे नेऊ नये. गवतात एकटे पिल्लू दिसले तर ते हरवलेले नसते. आईनेच त्याला लपवून ठेवलेले असते. उचलू नये, हात लावू नये, निघून जावे. प्लास्टिक परत आणावे. आणि ज्याच्या बांधावर बसतो त्याला आधी विचारावे.

ज्यांना आणखी दूर जाणे जमेल त्यांच्यासाठी औट्रम घाटाजवळचे गौताळा अभयारण्य, बुलढाणा-खामगाव रस्त्यावरचे ज्ञानगंगा, वाशिम जिल्ह्यातले कारंजा-सोहोळचे काळवीट अभयारण्य आणि उल्कापाताने झालेले लोणार सरोवर आहे. २०१९ साली यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला एक तरुण वाघ तेराशे किलोमीटरहून अधिक चालून ज्ञानगंगेला पोहोचला. गळ्यातल्या पट्ट्यामुळे त्याची वाट कळली. तो वाटेत कापसातून, तुरीतून, ओढ्यांतून, रात्री झोपलेल्या गावांच्या कडेने गेला. त्या गावांतल्या बहुतेकांना पत्ताही लागला नाही.

घरी परतल्यावर धाकट्याने वहीत काळविटाचे चित्र काढले. आम्ही पाहिले तर काळविटाच्या बाजूला एक माळा काढलेला, माळ्यावर डबा घेऊन बसलेला माणूस. खाली लिहिले होते, 'मामा'. आता तो म्हणतो, जूनमध्ये पेरणी झाली की दोन रात्री मामासोबत राखणीला जायचे. शाळा सुरू होण्यापूर्वी आम्ही त्याला पाठवणार आहोत. बॅटरीचे सेल आणि दशम्यांचा डबा सोबत देऊ.